स्वमर्दन : कष्टाच्या शरीराची नित्य देखभाल

स्वतःच्या हातांनी स्वतःचे अंग चोळून, दाबून, रगडून मोकळे करण्याच्या क्रियेला स्वमर्दन म्हणतात. तेल लावून केलेल्या मर्दनाला आयुर्वेदाने अभ्यंग असे नाव दिले आहे आणि दिनचर्येत, म्हणजे निरोगी माणसाने रोज करावयाच्या कर्मांच्या क्रमात, दंतधावन, व्यायाम आणि स्नान यांच्या जोडीने त्याला स्थान दिले आहे. आज मात्र मालीश म्हटले की शहरातील वातानुकूलित केंद्रे आणि तासाच्या हिशेबाने आकारले जाणारे पैसे डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे ही चैनीची गोष्ट आहे आणि कष्टकऱ्याला तिच्यासाठी ना वेळ ना पैसा, असा समज रूढ झाला आहे. नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या, पूर्वेला वैनगंगेपर्यंत पसरलेल्या आणि धान, मिरची, कापूस, सोयाबीन यांवर जगणाऱ्या कुही तालुक्यासारख्या भागाकडे पाहिले की हा समज किती उलटा आहे ते कळते, कारण जिथे शरीर हेच उपजीविकेचे मुख्य साधन असते, तिथे त्या शरीराची रोजची देखभाल ही सर्वांत आधीची गरज ठरते.

या परिसरात मर्दनाची परंपरा नाही असे मुळीच नाही. फक्त तिचे प्रसंग ठरलेले आहेत. बाळ जन्मले की त्याला रोज तेल लावून न्हाऊ घातले जाते, बाळंतिणीचे अंग रगडून तिला शेक दिला जातो, लग्नात हळद लागते, दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे तेल आणि उटणे लावून अभ्यंगस्नान होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा लोणी चोळून शेकले जाते, कारण वर्षभर जू वाहून त्यांचे खांदे सोलवटलेले आणि कडक झालेले असतात. ज्या घरात बैलाच्या खांद्याची अशी आठवण ठेवली जाते, त्याच घरातील माणूस बाळपण आणि म्हातारपण यांच्या मधली, म्हणजे सर्वाधिक राबण्याची, तीस-चाळीस वर्षे, सणाचा दिवस सोडला तर, स्वतःच्या खांद्याला तेलाचा हात न लावता काढतो. या मधल्या वर्षांत अंग चोळून द्यायला दुसरे कोणी नसते. आपले हात मात्र सदैव जवळ असतात.

ग्रंथांतील अभ्यंग

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येला वाहिलेला आहे. त्यात अभ्यंग नित्य करावा असे स्पष्ट सांगितले असून वार्धक्य, श्रम आणि वात यांचा परिहार हे त्याचे पहिले फळ मानले आहे. त्यातही डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, अशी व्यवहारी सूचनाही तिथे आहे. अभ्यंगानंतर व्यायाम, व्यायामानंतर सर्व बाजूंनी सुखकारक वाटेल असे अंगमर्दन, मग उद्वर्तन म्हणजे सुगंधी आणि तुरट चूर्णे अंगाला चोळणे आणि शेवटी स्नान, असा त्याचा क्रम आहे. दिवाळीचे उटणे हा याच उद्वर्तनाचा वर्षातून एकदा उरलेला अवशेष होय. ज्याचा कफ वाढला आहे, ज्याला अजीर्ण झाले आहे किंवा ज्याच्यावर नुकतेच वमन-विरेचनासारखे शोधनोपचार झाले आहेत, त्याने अभ्यंग करू नये, असा निषेधही वाग्भटाने सोबतच नोंदवला आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात तेलाने मुरलेली घागर, तेल पाजलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस यांचे दृष्टांत देऊन अभ्यंगाने शरीर दृढ, सुत्वच म्हणजे चांगल्या त्वचेचे आणि श्रम सोसणारे होते असे म्हटले आहे. तिथेच पादाभ्यंगाचे, म्हणजे पायांना तेल चोळण्याचे, गुण वेगळे सांगितलेले आहेत: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा त्याने कमी होतो. सुश्रुतसंहितेवरील डल्हणाच्या टीकेत तर तेल केसांच्या मुळांपासून मज्जेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे मात्रांच्या, म्हणजे ऱ्हस्व स्वर उच्चारण्यास लागणाऱ्या काळाच्या, हिशेबाने दिलेले आहे. तो हिशेब ३०० मात्रांपासून ९०० मात्रांपर्यंत जातो आणि आजच्या घड्याळात त्याची मर्यादा पाच मिनिटांच्या आसपास येते. आधुनिक त्वचाशास्त्रानुसार तेलाचा बहुतेक अंश त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या शृंगी थरातच राहतो आणि हाडांपर्यंत पोचत नाही. तरीही एका भागावर काही मिनिटे सलग काम करावे, हा त्या हिशेबातून निघणारा व्यावहारिक नियम आजही उपयोगी आहे.

राज्यकर्त्यांच्या चैनीतही अभ्यंगाला मान होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या स्नानभोगाचे वर्णन करताना सुगंधी तेलांचे आणि कुशल मर्दकांचे तपशील आलेले आहेत. राजाला मर्दक लागत. दिनचर्येचा नियम मात्र सर्वांसाठी होता आणि सामान्य माणसाला तो स्वतःच्या हातांनीही पाळता येण्याजोगा होता.

चोळल्याने शरीरात काय होते

दुखरा भाग चोळला की बरे वाटते, हा सार्वत्रिक अनुभव आहे आणि त्याचे एक मान्य स्पष्टीकरण रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांतात मिळते. वेदनेचे संदेश वाहणारे चेतातंतू बारीक आणि संथ असतात, तर स्पर्श आणि दाब यांचे संदेश वाहणारे तंतू जाड आणि वेगवान असतात. हे दोन्ही संदेश मज्जारज्जूत जिथे पोचतात, तिथे स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अडवतात, म्हणून चोळणे चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा काळ दुखणे कमी जाणवते. याखेरीज केसाळ त्वचेत काही विशेष संथ तंतू असतात आणि सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर इतक्या हळू गतीने फिरणाऱ्या, शरीराइतक्याच उबदार स्पर्शाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. घाईघाईने अंग खसाखसा चोळण्यापेक्षा सावकाश हात फिरवल्याने मन अधिक शांत का होते, याचा उलगडा त्यातून होतो.

स्वमर्दनाला एक मर्यादाही आहे. आपला हात आपल्याच अंगावर फिरतो तेव्हा तो स्पर्श कुठे आणि कसा होणार याचा अंदाज मेंदूला आधीच आलेला असतो आणि त्या प्रमाणात तो स्पर्शाची जाणीव मंद करतो. स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत, याचे हेच कारण १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमांच्या साहाय्याने दाखवून दिले. त्यामुळे दुसऱ्याने केलेल्या मर्दनाइतके सुख स्वमर्दनात मिळत नाही हे खरे, पण कुठे दुखते आणि किती दाब सोसतो हे चोळणाऱ्यालाच कळत असल्याने दाबाचे नियंत्रण त्यात अधिक अचूक असते.

मर्दनाविषयीचे काही प्रचलित दावे मात्र तपासून घ्यायला हवेत. कष्टानंतर स्नायूंत साठलेले लॅक्टिक आम्ल मालीशने निघून जाते, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक हा पदार्थ काम थांबल्यानंतर तासाभरात रक्तातून आपोआप निवळतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारी ठणक स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली ११ तरुणांकडून थकवणारा व्यायाम करवून घेतला, त्यांच्या एकाच मांडीला १० मिनिटे मालीश केले आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले. मालीश केलेल्या स्नायूंत दाहाचे संकेत कमी आढळले. लॅक्टिक आम्लाच्या पातळीत मात्र फरक दिसला नाही. गुडघ्याच्या संधिवातासाठी मांडीच्या पुढील स्नायूंचे स्वमर्दन शिकवलेल्या ४० जणांच्या एका छोट्या चाचणीत दुखणे आणि आखडलेपणा यांत सुधारणा नोंदली गेली. मालीशच्या एका बैठकीनंतर मनाची बेचैनी त्या वेळेपुरती कमी होते, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. ताणाशी निगडित कॉर्टिसॉल या संप्रेरकावर होणारा परिणाम मात्र फारच किरकोळ आढळला आहे. अंगातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात या दाव्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतच असतात.

रोवणी, मिरची आणि दुखणारे अवयव

कोणता अवयव चोळावा, हे कामावरून ठरते. धानाच्या रोवणीत बाई दिवसभर बांधीतल्या चिखलात कमरेत वाकून उलट पावली सरकत असते; डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी धरलेली असते आणि उजव्या हाताचा अंगठा व पहिली दोन बोटे दर काही क्षणांनी रोप चिखलात खोचत असतात. माणूस पूर्ण वाकतो तेव्हा कण्याच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू काही अंशी सैल पडतात आणि भार अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना हाडे बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, जातो. त्यामुळे दिवसाअखेर सरळ उभे राहताना कमरेत चमक निघते, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा ठणकतो आणि डाव्या कोपराखालचा भाग जड होतो. अशा वेळी पाठ चोळण्याआधी अंगठ्याचे मूळ आणि कोपराखालचा भाग मोकळा करावा, कारण पुढचे सगळे मर्दन याच हातांनी व्हायचे असते.

मिरचीच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. कुही, मांढळ, भिवापूर या पट्ट्यात मिरचीच्या सातऱ्यांवर, म्हणजे वाळलेली मिरची पसरून तिची निवड केली जाते अशा आवारांत, बायका तासन्‌तास बसून देठ खुडतात आणि त्यांच्या हातांची आग रात्रीपर्यंत शमत नाही. ही आग कॅप्सेसिन या द्रव्याची असते. उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंवरील जो ग्राहक तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर जागा होतो, त्यालाच कॅप्सेसिन चिकटते आणि प्रत्यक्षात भाजलेले नसताना भाजल्याचा संदेश मेंदूकडे जातो. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली शोधून काढला आणि त्यासाठी त्यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते, म्हणून सातऱ्यावरून आल्यावर हात आधी कोरडेच ठेवावेत, खाण्याचे तेल घेऊन बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा नीट चोळाव्यात, ते तेल फडक्याने पुसून टाकावे आणि मगच साबणाने गार पाण्यात धुवावेत. गरम पाण्याने तोच ग्राहक अधिक चेततो आणि आग वाढते. एवढे झाल्याशिवाय चेहरा, डोळे किंवा लेकराचे अंग यांना हात लावू नये आणि आग पूर्ण शमेपर्यंत अंगाचे मर्दनही करू नये.

पावसाळ्यात चिखलात राहून पायांच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्यांवर तेल चोळणे हा नेहमीचा पण चुकीचा उपाय आहे. ओलावा आणि बुरशी यांमुळे पांढरी पडून फाटलेली ती त्वचा धुऊन कोरडी ठेवावी लागते. तेलाने तेथील ओल अडकून राहते. टाचांच्या भेगांना मात्र हाच न्याय उलटा लागू पडतो, कारण तिथली त्वचा कोरडी आणि जाड झालेली असते आणि तिला ओलावा धरून ठेवणाऱ्या तेलाची गरज असते.

तेल कोणते

या भागातील घराघरांत जवस, तीळ, करडई, शेंगदाणा आणि सोयाबीन ही तेले असतात. जंगलालगतच्या गावांत मोहाच्या बियांपासून निघणारे टोळीचे तेलही वापरले जाते. तिळाच्या तेलात लिनोलेइक आणि ओलेइक ही दोन स्निग्ध आम्ले साधारण सारख्या प्रमाणात असतात, शिवाय सिसॅमोलसारख्या द्रव्यांमुळे ते लवकर खवट होत नाही. आयुर्वेदाने अभ्यंगासाठी तीळतेलाला दिलेले प्राधान्य या दृष्टीनेही योग्य ठरते. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते आणि हे आम्ल त्वचेच्या वरच्या थरातील ओल धरून ठेवणाऱ्या रचनेचा एक घटक असल्याने कोरड्या त्वचेला हे तेल मानवते. टोळीचे तेल थंडीत थिजते, म्हणून ते हातावर घासून पातळ करून लावावे लागते. टाचांच्या भेगांसाठी त्याचा हाच घट्टपणा कामी येतो.

जवसाचे तेल खाण्यास उत्तम, पण अंगावर ठेवण्यास गैरसोयीचे असते. त्यातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक या आम्लाचा असतो, ते हवेतील प्राणवायूशी वेगाने संयोग पावते आणि तेलाचा चिकट पापुद्रा बनतो. रंग आणि व्हार्निश यांत हे तेल वापरण्याचे कारण तेच आहे. जवसाचे तेल लावलेच तर ते ताजे असावे आणि तासाभरात धुऊन टाकावे. त्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगात टाकू नयेत, कारण संयोगक्रियेत निघणारी उष्णता आत कोंडून ती आपोआप पेट घेऊ शकतात.

सर्वांगाच्या मर्दनाला तीन-चार चमचे तेल पुरते. ते थेट विस्तवावर तापवू नये; तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात काही मिनिटे ठेवावी आणि मनगटाच्या आतील बाजूला थेंब लावून ते कोमट असल्याची खात्री करावी. नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या दिवसांत तेल लावून उन्हात जाऊ नये. उन्हाळ्यात कमी तेलाचे, रात्री झोपण्यापूर्वीचे आणि फक्त तळपाय व टाळू यांपुरते मर्दन सोसवते.

हात कसे फिरवावेत

स्वमर्दनाचा साधा नियम असा की लांब हाडांवर हात सरळ रेषेत आणि सांध्यांवर गोलाकार फिरवावा. दिशेबाबत दोन मते आढळतात. युरोपात १९ व्या शतकात घडलेल्या पद्धतीत हातापायांवरचे हात हृदयाकडे नेले जातात, कारण नीलांमधील झडपा रक्ताला त्याच दिशेने वाट देतात आणि पेशींभोवतीचा जादा द्रव परत नेणाऱ्या लसीकावाहिन्यांचा प्रवाहही त्याच दिशेने असतो. आयुर्वेदीय परंपरेत मात्र अनुलोम, म्हणजे लोमांच्या वाढीच्या दिशेने, हात फिरवतात आणि त्याने केसांच्या मुळांना त्रास होत नाही. दिवसभर उभे राहून पाय सुजल्यासारखे झाले असतील तर घोट्याकडून गुडघ्याकडे जावे. निव्वळ शांत वाटावे एवढाच हेतू असेल तर लोमांच्या दिशेने सावकाश जावे.

प्रारंभ टाळूपासून करावा. बोटांची टोके केसांत रोवून त्वचाच कवटीवर हलकी सरकवावी, नखे लावू नयेत. कानांच्या पाळ्या आणि कानांमागचा भाग अंगठा व तर्जनी यांत धरून चोळावा. मानेच्या मागच्या बाजूला कण्याच्या दोन्ही अंगांना बोटांनी छोटी वर्तुळे काढावीत, पण मानेच्या पुढच्या बाजूला कधीही दाब देऊ नये, कारण तिथे रक्तदाब आणि नाडी यांचे नियमन करणारी संवेदनशील जागा असते आणि विशेषतः वयस्कांना तिथल्या दाबाने भोवळ येऊ शकते. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांचा आणि दुचाकीवरून रोज लांबचा प्रवास करणाऱ्यांचा मान आणि खांदा यांमधला स्नायू दगडासारखा कडक झालेला असतो. तो विरुद्ध हाताच्या चार बोटांनी आणि तळव्याने चिमटीत धरून श्वास सोडताना दाबावा आणि श्वास घेताना सोडावा.

पोटावर हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा, कारण मोठे आतडे उजवीकडे खालून वर, मग आडवे आणि शेवटी डावीकडे वरून खाली असे जाते. जेवणानंतर दोन तास तरी पोटाला हात लावू नये. पाठीवर हात पोचत नाही तिथे भिंत आणि टेनिसचा चेंडू यांची मदत घ्यावी: पाठ आणि भिंत यांच्यामध्ये, कण्यावर नव्हे तर त्याच्या बाजूच्या स्नायूवर, चेंडू धरून गुडघ्यांत किंचित वाकत वरखाली व्हावे. पोटरीवर घरातले लाटणे हलक्या हाताने फिरवता येते. मर्दन करणाऱ्या हाताचे अंगठे लवकर दमतात, म्हणून जोर लागेल तिथे तळव्याचा मनगटाजवळचा भाग किंवा मुठीची पेरे वापरावीत. दाब किती असावा याची खूण अशी की चोळताना श्वास रोखला जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी काळेनिळे वण दिसू नयेत.

तळपायांसाठी महाराष्ट्रात काशाच्या वाटीचा रिवाज आहे. कासे हा साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील यांचा मिश्रधातू असून शेजारचे भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी जसे ओळखले जाते, तशा काशाच्या वाट्याही या भागातील जुन्या घरांत सापडतात. तळपायाला तूप किंवा तेल लावून वाटीच्या बुडाने काही मिनिटे घासले की पायाला गारवा आणि गुंगी येते, आणि तळवा काळसर होतो. हा काळेपणा म्हणजे अंगातून निघालेली उष्णता, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो घर्षणाने सुटलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांचा आणि त्यांच्या संयुगांचा रंग असतो आणि साबणाने निघून जातो. वाटीचा गुण तिच्या गुळगुळीत, भरीव आणि सारखा दाब देणाऱ्या बुडात आहे. काळा रंग उमटला नाही तरी तो गुण मिळतोच. वाटी वापरल्यावर पाय पुसूनच उभे राहावे, कारण तेलकट पायांनी मोरीत घसरून होणारी दुखापत मर्दनाच्या सगळ्या लाभांवर पाणी फिरवते.

चोळता चोळता होणारी तपासणी

स्वमर्दनाचा सर्वांत दुर्लक्षित लाभ असा की त्या निमित्ताने माणूस आपले शरीर रोज पाहतो आणि स्पर्शाने तपासतो, आणि पूर्व विदर्भात या तपासणीला फार मोठे मोल आहे. कुष्ठरोगाचा भार जिथे दीर्घकाळ राहिला, त्या प्रदेशांत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि नागपूर हे जिल्हे येतात. या रोगात चेतातंतूंना इजा होऊन हातापायांची संवेदना जाते आणि घामही थांबतो, त्वचा कोरडी पडून भेगाळते आणि न दुखणाऱ्या जखमा वाढत जातात. म्हणून रुग्णांना शिकवल्या जाणाऱ्या रोजच्या स्वकाळजीत हातपाय २० मिनिटे साध्या पाण्यात बुडवून ठेवणे, जाड झालेली कातडी दगडाने हलकेच घासणे, अंग पूर्ण कोरडे होण्याआधी तेल लावून ओल आत धरून ठेवणे आणि आखडू लागलेली बोटे दुसऱ्या हाताच्या तळव्याने मुळापासून टोकाकडे सरळ करत नेणे, या पायऱ्या असतात. सेवाग्राम आश्रमात १९३९ च्या सुमारास आलेल्या कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांचे मर्दन गांधीजी स्वतःच्या हातांनी करत, हे सर्वश्रुत आहे; समाज ज्याला शिवत नव्हता त्याला स्पर्श करण्याचा तो धडा होता. स्वकाळजीने तोच स्पर्श रुग्णाच्या स्वतःच्या हाती दिला. निरोगी माणसालाही तेल लावताना फिकट किंवा लालसर आणि बधिर असा चट्टा आढळला तर तो रोगाचा पहिला इशारा असू शकतो आणि वेळीच बहुविध औषधोपचार घेतल्यास विकृती टळते.

हत्तीरोगाची गोष्टही अशीच आहे. डासांमुळे पसरणारे या रोगाचे कृमी लसीकावाहिन्यांत राहून त्यांचे नुकसान करतात आणि पाय कायमचा सुजतो. त्याच्या उच्चाटनासाठी आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि आल्बेंडाझोल ही तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशात प्रथम ज्या पाच जिल्ह्यांत २०१८-१९ मध्ये सुरू झाली, त्यांत नागपूर जिल्हा होता. सुजलेल्या पायावर जोरात मालीश केल्याने सूज उतरते हा समज घातक आहे. अशा पायाला रोज साबणाने धुणे, बोटांमधली जागा कोरडी करणे, पाय उंच ठेवणे, घोटा वरखाली हलवणे आणि त्वचेवरील बारीक चिरा शोधून त्यांवर उपचार करणे ही खरी स्वकाळजी होय. पाय लाल, गरम आणि तापासह दुखरा झाला असेल तर त्याला चोळूच नये.

आणखी काही प्रसंगी हात आवरावा लागतो. ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, हाड मोडल्याची शंका, फुगलेल्या नीला आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना जोराचे मर्दन टाळावे. एकाच पोटरीला अचानक सूज येऊन ती गरम आणि दुखरी झाली तर आतल्या नीलेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी गरम तेल वापरू नये. विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हाडांमध्ये आणि सांध्यांमध्ये उठणारी तीव्र कळ ही साधी अंगदुखी समजून तेल चोळत बसण्याची चूक अनेकदा होते; ती कळ विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींनी बारीक रक्तवाहिन्या अडल्यामुळे येते आणि तिच्यावर भरपूर पाणी आणि तातडीचा वैद्यकीय उपचार हाच मार्ग आहे.

या सर्व मर्यादा लक्षात घेतल्यावर जे उरते, ते थोडके असले तरी भक्कम आहे. स्वमर्दनाने कोणताही जुना आजार मुळापासून बरा होत नाही, पण दिवसभराच्या श्रमाने आखडलेले अंग सैल होते, झोप येण्यास मदत होते, त्वचा टिकते आणि शरीरातील बदल वेळीच लक्षात येतात. महागडे तेल, खास उपकरण किंवा दुसऱ्या कोणाची सवड यांपैकी कशाचीही त्याला गरज लागत नाही. सगळ्या अंगाला वेळ मिळत नसेल तर वाग्भटाच्या सूचनेप्रमाणे डोके, कान आणि पाय यांपुरती रोजची १० मिनिटे राखून ठेवावीत, आणि रोवणी किंवा मिरचीच्या हंगामात, जेव्हा सवड सर्वांत कमी आणि गरज सर्वांत जास्त असते, तेव्हा तर ती मुळीच चुकवू नयेत.